स्पेस सायन्समध्ये करिअर करायचंय? नववीपासून नोकरीपर्यंत कुठल्या क्रमाने काय करायचं

दहावी-बारावीचे निकाल लागले की तेच प्रश्न येतात. "मुलाला इस्रोत पाठवायचंय, कुठला कोर्स घेऊ?" "मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इस्रोची परीक्षा कधी असते?" आणि बहुतेक वेळा प्रश्न विचारला जातो तोवर एखादी तारीख निघून गेलेली असते, नाहीतर पात्रतेची एखादी अट हातची गेलेली असते. मुलं हुशार असतात, मेहनतही करतात, चुकतो तो क्रम. आधी संस्था ठरवतात, मग डिग्री, आणि तिथे नेमकं काम काय करायचं हा विचार सगळ्यात शेवटी. तो उलटा करायचा. म्हणून खाली टप्प्याटप्प्याने लिहितोय, तुम्ही ज्या टप्प्यावर असाल तिथून पुढचं वाचलं तरी चालेल, पण पहिला टप्पा मात्र सगळ्यांनी वाचा.

## टप्पा १ : आधी काम ठरवा, संस्था नंतर

"स्पेस सायन्स" या एका नावाखाली खूप वेगवेगळी कामं येतात आणि त्यांचे रस्ते अकरावी-बारावीनंतर लगेच फुटतात.

रॉकेट, उपग्रह, इंजिन, अँटेना, ऑनबोर्ड कॉम्प्युटर हे सगळं बनवायचं असेल तर ते इंजिनिअरिंग आहे. मेकॅनिकल, ईएनटीसी, कॉम्प्युटर, एरोस्पेस, इलेक्ट्रिकल. इस्रोमधली बहुसंख्य पदं या प्रकारातली आहेत.

तारे, दीर्घिका, सूर्य, कृष्णविवरं यांचा अभ्यास करायचा असेल तर ते फिजिक्स आहे, आणि त्याचा रस्ता पीएचडीपर्यंत जातो. हे काम इस्रोपेक्षा जास्त करून पुण्याच्या आयुका आणि एनसीआरए, मुंबईची टीआयएफआर, बंगळूरची आयआयए, अहमदाबादची पीआरएल, नैनितालची एरीज अशा संस्थांमध्ये चालतं. "ॲस्ट्रॉनॉमी आवडते म्हणून इस्रो" ही सगळ्यात कॉमन गल्लत. दुर्बिणीतून शनीची कडी बघून वेड लागलेलं पोर एरोस्पेसला जातं आणि तिथे चार वर्षं फ्लुइड मेकॅनिक्स आणि स्ट्रक्चर्स शिकतं, मग म्हणतं की यात आकाश कुठाय. विषय वाईट नसतो, त्याला हवं होतं ते दुसरं असतं.

तिसरा प्रकार उपग्रहांचा डेटा वापरणाऱ्यांचा. पीक, पाणी, जंगल, शहर, पूर, समुद्र. रिमोट सेन्सिंग (दुरून, उपग्रहातून जमिनीची माहिती घेणं) आणि जीआयएस (ती माहिती नकाशावर मांडणं). यात जिऑलॉजी, जिऑग्राफी, ॲग्रीवाली मुलंही येऊ शकतात, आणि हे खूप जणांना माहीतच नसतं.

शिवाय आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांचा एक वेगळा, चांगला रस्ता आहे. त्यावर टप्पा ६ मध्ये लिहिलंय.

अंतराळवीर व्हायचंय म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात : गगनयानसाठी निवडलेले चौघंही हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत, २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आलेले शुभांशु शुक्ला त्यातलेच एक. म्हणजे आजच्या घडीला तो रस्ता बारावीनंतर एनडीए किंवा डिग्रीनंतर हवाई दलाची एएफकॅट परीक्षा, मग फायटर पायलट, मग टेस्ट पायलट असा जातो. आणि "नासात नोकरी" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या की नासाच्या कायमच्या सरकारी नोकऱ्यांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. पालकांनो, नासा बघायला नेणारी महागडी ट्रिप ही सहल आहे, ती मजा म्हणून करा, तिने कुठल्याही प्रवेशात एक मार्कही वाढत नाही.

तपासा : "मला रोज आठ तास काय करायला आवडेल" याचं उत्तर एका वाक्यात लिहून काढा. त्या वाक्यात फक्त संस्थेचं नाव येत असेल तर अजून ठरलेलं नाही, पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : आठवी ते दहावी

इथे घाई करून कोचिंग लावायची गरज नाही, पण एक दार फक्त याच वयात उघडं असतं. युविका, म्हणजे इस्रोचा युवा विज्ञानी कार्यक्रम, २०१९ पासून सुरू आहे. हा फक्त नववीच्या मुलांसाठी आहे. साधारण दोन आठवडे इस्रोच्या केंद्रावर निवासी शिबिर असतं. नोंदणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि थोडेच दिवस उघडी असते.

निवड कशी होते ते नीट बघा, कारण तयारी एक वर्ष आधी लागते. सगळ्यात मोठा वाटा आठवीच्या मार्कांचा, ५० टक्के. ऑनलाइन क्विझला १० टक्के. उरलेलं विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काऊट-गाईड-एनसीसी यातून. आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्यांना १५ टक्के वेगळे. हा शेवटचा मुद्दा गावातल्या शाळांनी अजून मनावर घेतलेला नाही, खरं तर तुमच्या मुलांना इथे सरळ फायदा आहे. सरांनी, मॅडमनी आठवीतच दोन-चार मुलं हेरून त्यांना विज्ञान प्रदर्शनात उतरवलं तर पुढच्या वर्षी फॉर्म भरताना हातात काहीतरी असतं.

इशारा : प्रमाणपत्र नसेल तर मार्क नाही. तालुका, जिल्हा, राज्य, ज्या पातळीवर भाग घेतला असेल त्याचा कागद त्याच महिन्यात शाळेकडून घेऊन स्कॅन करून ठेवा. फेब्रुवारीत शोधाशोध केली की सापडत नाही.

युविका हुकलं म्हणून काही बिघडत नाही, पुढच्या कुठल्याही प्रवेशाला ते लागत नाही. या वयात खरं काम म्हणजे गणित पक्कं करणं आणि आकाश बघणं. आणि जमलं तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला जा. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत तिथे, एका डिशखाली उभं राहून वर बघितलं की रेडिओ ॲस्ट्रॉनॉमी काय प्रकार आहे ते पुस्तकापेक्षा लवकर डोक्यात शिरतं.

## टप्पा ३ : अकरावी-बारावी

पहिली अट गणित. बायोलॉजी घ्या किंवा नका घेऊ, पण फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवंच. "मेडिकलचाही पर्याय राहू दे" म्हणून पीसीबी घेऊन मॅथ्स सोडलेली मुलं बारावीनंतर अडकतात. दोन्ही पर्याय ठेवायचे असतील तर पीसीएमबी घ्या, ओझं जास्त आहे पण दार बंद होत नाही.

मग परीक्षा. कुठली परीक्षा कुठे नेते हे इथे गडबड होतं म्हणून सविस्तर लिहितो.

जेईई ॲडव्हान्स्ड : आयआयटींसाठी, आणि तिरुवनंतपुरमजवळच्या आयआयएसटीसाठी. आयआयएसटी ही अंतराळ विभागाची स्वतःची संस्था, २००७ साली सुरू झालेली. तिथे एरोस्पेस, ॲव्हिऑनिक्स, आणि इंजिनिअरिंग फिजिक्सचा ड्युअल डिग्री कोर्स आहे, या शेवटच्यात पुढे ॲस्ट्रॉनॉमी घेता येतं. आयआयटी इंदूरलाही स्पेस सायन्सेस अँड इंजिनिअरिंगचा बीटेक आहे. ॲडव्हान्स्ड सलग दोनच वर्षांत दोनदा देता येते, त्यामुळे ड्रॉपचा विचार आधी करून ठेवा.

इशारा, हा दर वर्षी चुकतो : आयआयएसटीचा प्रवेश जोसामधून, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित प्रवेशप्रक्रियेतून, होत नाही. ॲडव्हान्स्डची रँक लागते, पण आयआयएसटीच्या वेबसाइटवर वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत वेगळी असते. "जोसाच्या यादीत आयआयएसटी दिसतच नाही" असा मेसेज येतो तोवर नोंदणी संपलेली असते. अजून एक, आयआयएसटीत शिरलं म्हणजे इस्रोची नोकरी नक्की असं समजू नका. रिक्त जागा आणि मार्कांची अट यावर ते ठरतं, त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला तो परिच्छेद पालकांनी स्वतः वाचावा, शेजाऱ्याच्या मुलाला २०१२ मध्ये काय मिळालं त्यावर जाऊ नये.

आयएटी : आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांसाठी, पुण्याच्या आयसरसकट सगळ्या. आयआयएससीच्या चार वर्षांच्या बॅचलर्ससाठीही ही चालते. ६० प्रश्नांपैकी १५ बायोलॉजीचे असतात, मॅथ्सवाली मुलं ते सोडून देतात आणि तिथेच रँक घसरते. अकरावी-बारावीची बायोलॉजीची एनसीईआरटी पुस्तकं एकदा तरी वाचून जा.

नेस्ट : भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईची सीईबीएस या विज्ञान संस्थांसाठी.

एमएचटी-सीईटी : राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी. हा दुय्यम रस्ता नाही. इस्रोच्या भरतीत कॉलेजचं नाव अट म्हणून नसतं, डिग्री आणि मार्क असतात. चांगल्या सरकारी कॉलेजातलं मेकॅनिकल किंवा ईएनटीसी हे, फारशा लॅब नसलेल्या कॉलेजातल्या महागड्या एरोस्पेसपेक्षा कधीही बरं. सरळच सांगायचं तर ॲडव्हान्स्डमधून चांगलं एरोस्पेस मिळत नसेल तर कोर शाखा घ्या.

ॲस्ट्रॉनॉमीची खरी ओढ असेल तर ॲस्ट्रॉनॉमी ऑलिंपियाडचा पहिला टप्पा, एनएसईए, जरूर द्या. फिजिक्स टीचर्सची संघटना आयएपीटी ती घेते, नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि पेपर नोव्हेंबरमध्ये. पुढचे टप्पे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असतात. पेपर अवघड असतो, निवड नाही झाली तरी गोलीय भूमिती आणि केप्लरचे नियम एवढे पक्के होतात की बीएस्सीचं पहिलं वर्ष हलकं जातं.

तपासा : एका कागदावर चार रकाने. परीक्षा, नोंदणीची मुदत, पेपरची तारीख, निकालानंतर वेगळी करायची नोंदणी. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शिवाय आयआयटी-एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलची अट असते (एससी, एसटी, दिव्यांगांना ६५ टक्के), म्हणून बोर्डाकडे काणाडोळा नको.

## टप्पा ४ : डिग्रीची चार वर्षं

इंजिनिअरिंगवाल्यांनो, इथे दोन अटी आहेत ज्या पहिल्या वर्षात कोणी सांगत नाही आणि शेवटच्या वर्षात कळून काही उपयोग नसतो.

इस्रोच्या सायंटिस्ट/इंजिनिअर 'एससी' पदासाठी बीई-बीटेकला एकूण किमान ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए लागतो. एकूण म्हणजे एकूण, शेवटच्या वर्षाचा नाही. ६४.९ चं ६५ कोणी करून देत नाही. आणि दुसरी अट, डिग्री ठरलेल्या मुदतीत पूर्ण झालेली हवी. म्हणजे वाय.डी. झाला, एक वर्ष वाया गेलं, तर पुढे कितीही मार्क पाडा, त्या जाहिरातीला अर्ज करता येत नाही. पहिल्या वर्षी "एम-वन (गणित) बघू नंतर" म्हणत केटी साठवणाऱ्यांनी हे नीट वाचा. सरासरी पहिल्या दोन सेमिस्टरमध्येच बिघडते आणि मग ओढून वर आणायला सहा सेमिस्टर लागतात.

सायन्सवाल्यांनो, बीएस्सी फिजिक्स करून थेट इस्रो सायंटिस्ट होता येत नाही. बीएस्सी, मग जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत किंवा चांगल्या विद्यापीठात एमएस्सी, मग पीएचडी असा तो रस्ता आहे. बीएस्सीतच मेकॅनिक्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिझम, क्वांटम आणि प्रोग्रामिंग पक्कं करा. "बीएस्सी ॲस्ट्रॉनॉमी" नावाचे कोर्स दिसले तर त्यात फिजिक्सचे किती पेपर आहेत ते मोजा, कमी असतील तर जॅमला त्रास होणार.

दोघांसाठीही : डेटा हाताळायला शिका. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या चांद्रयान, आदित्य एल-१ चा डेटा इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर आहे, उपग्रहचित्रं 'भुवन'वर आहेत. सुरुवातीला एक छोटं काम सांगतो. केप्लर दुर्बिणीचा डेटा मोफत मिळतो, पायथनमध्ये 'लाइटकर्व्ह' नावाचं पॅकेज आहे. त्यातून केप्लर-२ या ताऱ्याचा प्रकाश उतरवून घ्या. आलेख काढला की मध्येमध्ये बारीक खाचा दिसतील, दर २.२ दिवसांनी एक, ग्रह ताऱ्यासमोरून जाताना थोडा प्रकाश अडतो म्हणून. त्या काळाने आलेख फोल्ड करा, म्हणजे २.२ दिवसांचे तुकडे एकावर एक ठेवा, सगळ्या खाचा एकावर एक बसतात. खाचेची खोली साधारण ०.६ ते ०.७ टक्के येते, तिचं वर्गमूळ काढलं की ०.०८ च्या आसपास. म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या ८ टक्के. एका शनिवार-रविवारचं काम आहे, पण इंटर्नशिपच्या अर्जात "मला ॲस्ट्रॉनॉमीची आवड आहे" लिहिण्याऐवजी हे लिहा, आणि कुठे अडलात, फोल्ड करताना काळ थोडा चुकला तर आलेख कसा पसरला, तेही लिहा. मुलाखत घेणाऱ्याला पहिल्या दोन मिनिटांत कळतं की कोणी स्वतः केलंय आणि कोणी कॉपी मारलीय.

## टप्पा ५ : इंटर्नशिप आणि कोर्स

- देहरादूनची आयआयआरएस मोफत ऑनलाइन कोर्स घेते, रिमोट सेन्सिंगकडे जायचं असेल तर इथून सुरुवात करा.
- इस्रोच्या केंद्रांमध्ये विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप आणि प्रोजेक्ट ट्रेनी अशा दोन योजना आहेत. अर्ज त्या त्या केंद्राकडे करायचा असतो, कॉलेजच्या पत्रासकट. स्टायपेंड मिळत नाही, राहण्याची सोय आपली आपण बघायची हे धरून चला.
- पुण्यात आयुका आणि एनसीआरएचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम असतात. बीएस्सी, एमएस्सी, इंजिनिअरिंग सगळ्यांनी बघावेत, जाहिरात उन्हाळ्याच्या बरीच आधी येते.

कॉमन चूक : वीस शास्त्रज्ञांना एकच मेल कॉपी-पेस्ट. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट" वगैरे. त्याऐवजी तीनच लोक निवडा, प्रत्येकाचा एक पेपर वाचा, निदान प्रस्तावना आणि निष्कर्ष तरी, आणि मेलमध्ये त्यातल्या एका आकृतीबद्दल नेमका प्रश्न विचारा. मेल दहा ओळींच्या वर नको.

इशारा : पैसे घेऊन "इस्रो सर्टिफाइड इंटर्नशिप" देणाऱ्या जाहिराती खूप फिरतात. लिंक इस्रोच्याच सरकारी वेबसाइटवरून उघडते का ते बघा. जीओव्ही डॉट इनने संपणारा पत्ता नसेल तर पैसे देऊ नका, आधार-पॅनची कॉपी तर मुळीच पाठवू नका.

## टप्पा ६ : इस्रोचा अर्ज

सायंटिस्ट/इंजिनिअर 'एससी'ची भरती इस्रोचं भरती मंडळ, आयसीआरबी, करतं. निवडीची पद्धत प्रत्येक जाहिरातीत वेगळी असू शकते. कधी इस्रोची स्वतःची लेखी परीक्षा आणि मग मुलाखत, कधी गेट या इंजिनिअरिंग-सायन्सच्या राष्ट्रीय परीक्षेच्या स्कोअरवर मुलाखतीला बोलावणं, २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या जागा गेट स्कोअरवर आल्या होत्या. म्हणून शेवटच्या वर्षात गेट देऊनच टाका, "इस्रोची परीक्षा वेगळी असते, गेट कशाला" असं म्हणून बसलेल्यांचं त्या वर्षी नुकसान झालं. वयाची अट सर्वसाधारणपणे २८, राखीव प्रवर्गांना सवलत. पगार लेव्हल १०, मूळ वेतन ५६,१०० रुपये.

एमएस्सी, एमटेकवाल्यांनी फक्त आयसीआरबीकडे बघत बसू नका. हैदराबादची एनआरएससी, अहमदाबादची सॅक, ही इस्रोची केंद्रं आपापल्या जाहिराती काढतात आणि त्यात जिऑलॉजी, रिमोट सेन्सिंग, फिजिक्सच्या जागा असतात.

आयटीआय आणि डिप्लोमा : तिरुवनंतपुरम, श्रीहरिकोटा, महेंद्रगिरी, बंगळूर इथली केंद्रं टेक्निशियन 'बी' (दहावी आणि आयटीआय) आणि टेक्निकल असिस्टंट (फर्स्ट क्लास डिप्लोमा) या जागा भरतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक. टेक्निकल असिस्टंटचं मूळ वेतन ४४,९०० आहे. आपल्याकडून या जागांना अर्जच कमी जातात, कारण जाहिरात आली हे गावाकडच्या आयटीआयपर्यंत पोचतच नाही. शिक्षकांनी महिन्यातून एकदा इस्रोचं करिअर पान उघडून नोटीस बोर्डावर लावलं तरी खूप होईल.

तपासा, अर्ज भरण्याआधी : डिग्रीवरचं शाखेचं नाव जाहिरातीतल्या नावाशी शब्दशः जुळतं का? नसेल तर विद्यापीठाचं समकक्षतेचं पत्र लागेल का? सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर करायचं विद्यापीठाचं सूत्र छापील स्वरूपात आहे का? जातीचा किंवा नॉन-क्रिमी लेयरचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात आहे का? राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलेली मुलं कागदपत्र पडताळणीत अडकतात, आणि नवा दाखला तहसीलमधून दोन दिवसांत निघत नाही.

## टप्पा ७ : पीएचडी आणि खासगी कंपन्या

पीएचडीसाठी जेस्ट, सीएसआयआर नेट, गेट आणि टीआयएफआरची जीएस या परीक्षा. कुठली संस्था कुठला स्कोअर धरते ते दर वर्षी बघायचं, आणि एकाच परीक्षेवर भिस्त ठेवायची नाही. परीक्षेनंतर मुलाखत असते आणि तिथे पाठांतर चालत नाही. साध्याच प्रश्नावरून सुरुवात होते, समजा सूर्याचं तापमान घरबसल्या कसं काढशील, आणि मग खोदत जातात. येत नसेल तर तसं सांगून, कुठून सुरू केलं असतं ते बोला.

खासगी क्षेत्र २०२० नंतर उघडलं, इन-स्पेस ही संस्था त्यासाठीच आली. हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम-एस उडवलं, चेन्नईच्या अग्निकुलने मे २०२४ मध्ये आपलं रॉकेट उडवलं, उपग्रहांमध्ये पिक्सेल, ध्रुव स्पेस वगैरे आहेत. इथे टक्क्यांपेक्षा हाताने काय बनवलंय ते बघतात. कॉलेजच्या कॅनसॅट (डब्याएवढा नमुना-उपग्रह) किंवा मॉडेल रॉकेटच्या टीममध्ये असाल तर फक्त फोटो ठेवू नका, ड्रॉइंग, कोड, टेस्टची नोंद आणि जे फसलं त्याचं कारण असं सगळं एका फोल्डरमध्ये लावून ठेवा. पॅराशूट उघडलं नाही, का उघडलं नाही, पुढच्या वेळी सर्किटमध्ये काय बदललं, हे तीन ओळींत सांगता आलं की तिथला इंजिनिअर पुढचे प्रश्न त्यावरच विचारतो.